वंशाचा एकच धागा

परवा वडिलांच्या वर्षश्राद्धाला आत्या आली होती. जेवणं उरकल्यावर पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘सगळं नीट पार पडलं गं, पण दादाचा वंश मात्र इथंच थांबला.’’ आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले, तरी त्या दिवशी ते लागलं.

माझी लेक बारावीला आहे. ती म्हणाली, ‘‘आत्याआजी, एका अर्थी तुझं खरंय. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलग्याला मिळतं. आजोबांचं ते आईकडे आलंच नाही.’’ आत्यानं माझ्याकडे ‘बघ, मी म्हटलं नव्हतं!’ अशा नजरेनं पाहिलं. मग लेकीनं एक गोष्ट सांगितली.

अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात अल्बर्ट पेरी नावाचा माणूस गुलामगिरीत जन्मला. गुलामगिरी तिथं १८६५ मध्ये संपली. या लोकांच्या वारसांनी पूर्वज शोधायला घेतले, की बहुतेकांची वाट १८७० च्या जनगणनेपाशी अडते. त्याआधी १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या, पण त्यांत नाव मालकाचं. खाली नुसतं वय, लिंग, रंग. गुराढोरांची मोजदाद करावी तशी!

पेरींच्या नात्यातल्या एका बाईनं आपलं मूळ शोधायचं ठरवलं. पण बाईकडे वाय गुणसूत्र नसतंच. म्हणून तिनं घराण्यातल्या पुरुषाचा नमुना तपासायला पाठवला.

हे गुणसूत्र पिढ्यान् पिढ्या जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. कधी तरी त्यात बारीकसा बदल होतो आणि तो पुढच्या सगळ्या पुरुषांत राहतो. असे बदल जुळणाऱ्यांच्या गटाला हॅप्लोग्रुप म्हणतात. पेरी घराण्याचा नमुना कुठल्याच माहीत असलेल्या गटात बसेना. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्यावरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आणि या गटाला ‘ए-झीरो-झीरो’ नाव मिळालं. ही फांदी बाकीच्या पुरुषांपासून सुमारे ३ लाख ३८ हजार वर्षांपूर्वी वेगळी झाली, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या अभ्यासांत तो दोन-अडीच लाखांवर आला. तरीही माणसाच्या पितृवंशाची इतकी जुनी फांदी आधी सापडलेली नव्हती. आफ्रिकेतल्या जवळपास ६ हजार पुरुषांच्या नमुन्यांत जुळणारे निघाले फक्त ११, आणि तेही कॅमेरूनच्या पश्चिम भागातल्या म्बो लोकांतले. ज्यांचं नावही कुणी लिहिलं नव्हतं, त्यांचा मुलूख असा सापडला.

आत्या म्हणाली, ‘‘म्हणजे शेवटी मुलगाच हवा की!’’

लेकीनं कागद-पेन्सिल घेतली. ‘‘दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा... दहा पिढ्या मागं गेलं की १०२४ जागा होतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाचाच पत्ता सांगतं. आणि या १०२४ मध्ये ५१२ बायका आहेत! आजोबांची निम्मी गुणसूत्रं आईत आहेत, त्यातली काही माझ्यात. वंश थांबला कुठं?’’

मी वडिलांची वही काढली. त्यात सात पिढ्यांची वंशावळ आहे, सगळी पुरुषांची. बायकांचा उल्लेख नाही. आत्याला विचारलं, ‘‘तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय होतं गं?’’

बराच वेळ ती बोलली नाही. मग दोन नावं सांगितली, लग्नात ठेवलेलं एक आणि माहेरचं एक. पाठोपाठ गावही आठवलं. डोळे पुसत म्हणाली, ‘‘हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.’’

दोन्ही नावं मी वहीत लिहिली. मैत्रिणींनो, तुमच्या घरातही अशी एखादी आत्या, आजी असेल. ती आहे तोवर विचारून घ्या. पणजीचं माहेरचं नाव कुठल्याच तपासणीत निघत नाही.