केसांतील रोजनिशी

न्हाव्याच्या दुकानांतून बाहेर पडतांना जमिनीवर पडलेल्या आपल्याच केसांकडे मागें वळून पाहणारा मनुष्य विरळा. परंतु रसायनशाळेंत काम करणाऱ्याच्या हातीं तेच केस लागले, तर तो ते जपून कागदांत ठेवील. कारण त्या मनुष्याच्या शरीरांत पारा किती गेला व केव्हां गेला, याचा हिशेब त्या केसांत लिहून ठेविलेला असतो.

हें कसें घडतें तें पाहूं. डोक्यावरील केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. त्वचेखालीं तो तयार होत असतां रक्तांतील पारा त्यांत शिरतो व केसांतील गंधकाशीं घट्ट जखडला जातो. केस वर आला कीं त्या भागाचा रक्ताशीं संबंध सुटतो. आंत असेल तें तसेंच राहतें. माशांतून किंवा विषारी धान्यांतून पोटांत जाणारें मिथिल-मर्क्युरी नांवाचें जें पाऱ्याचें संयुग, तें रक्तापेक्षां केसांत सुमारें २५० पट अधिक सांपडतें. रक्तांतील त्याचा अंश सुमारें दोन महिन्यांत निम्मा होतो, म्हणून वर्षानंतर रक्त तपासून फारसा उलगडा होत नाहीं. केस मात्र विसरत नाहीं. बारा सेंटिमीटर केस म्हणजे गेल्या एका वर्षाची रोजनिशी होय, आणि तिचें सर्वांत ताजें पान मुळाशीं असतें. लांब वेणी असणाऱ्या आमच्या भगिनींजवळ तर कित्येक वर्षांचें दप्तर असतें, असें म्हणावयास हरकत नाहीं!

या रोजनिशीचा मोठा उपयोग झाला तो इराक देशांतील एका भयंकर प्रसंगीं. १९७१ सालीं तेथें दुष्काळानंतर परदेशांतून गव्हाचें बियाणें आणविलें गेलें. बुरशी लागूं नये म्हणून त्यास मिथिल-मर्क्युरी चोळलेलें होतें, व तें खाण्याचें नव्हे हें कळावें म्हणून तांबूस रंग दिलेला होता. पोत्यांवरील इशारे इंग्रजी व स्पॅनिश भाषांत. ते वाचणार कोण? कित्येक ठिकाणीं बियाणें पोंचलें तेव्हां पेरणी आटोपलेली होती. घरांत धान्य नाहीं आणि दारांत गव्हाचीं पोतीं उभीं! कोणीं रंग धुऊन काढला व त्याबरोबर विषही गेलें असें मानलें. कोणीं आधीं कोंबड्यांना दाणे घालून पाहिले. कोंबड्या मेल्या नाहींत, म्हणून त्या गव्हाच्या रोट्या भाजल्या. या शेतकऱ्यांस मूर्ख म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं आपल्या परीनें प्रयोगच केला होता. परंतु हें विष आपला प्रताप कित्येक आठवड्यांनीं दाखवितें. प्रथम हातापायांना मुंग्या, मग तोल जाणें, दृष्टि आकुंचित होणें, बहिरेपणा, आणि अखेर मृत्यु. इस्पितळांत ६,५३० रोगी दाखल झाले. त्यांतील ४५९ दगावले.

बगदाद येथील व अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं रोग्यांचें रक्त तर तपासलेंच, पण केसही घेतले. टॉमस क्लार्कसन हे या संशोधकांतील एक प्रमुख. अशा तपासणीची रीत साधी, पण नेटकेपणाची आहे. केस कातडीलगत कापून त्याच्या मुळाकडील टोंकाला दोरा बांधतात. टोंकें उलटीं झालीं तर सारा काळच उलटा वाचला जाईल. मग सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करून, धुऊन, रसायनांत विरघळवितात व त्यांतील पारा मोकळा करून त्याची वाफ हवेच्या झोतानें एका नळींत नेतात. नळीच्या एका बाजूस पाऱ्याचा दिवा असतो. त्याचा २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं, पण पाऱ्याची वाफ तो गिळून टाकते; पलीकडे जितका प्रकाश कमी पोंचेल तितका पारा अधिक. तुकड्यामागून तुकडा मोजला असतां कागदावर एक टेकडी उमटते: रोटी सुरू झाली तेथें चढ, थांबली तेथें उतार. (शिशाच्या बाबतींत केसांवर इतका भरंवसा टाकतां येत नाहीं, कारण बाहेरची धूळ केसाला चिकटते, तेथें रक्तच घेतात.)

या टेकडीचें खरें मोल त्या हिंवाळ्यांत गरोदर असलेल्या स्त्रियांच्या बाबतींत कळून आलें. १९८७ सालीं ८१ माता व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भ पोटांत असतां आईच्या शरीरांत विष किती चढलें होतें, हें तिच्या एकेका केसावरून काढतां आलें, व मूल कधीं चालूं लागलें, कधीं बोलूं लागलें, याच्याशीं तें ताडून पाहतां आलें. आईला थोड्याशा मुंग्यांपलीकडे कांहीं झालें नसतांही मुलाच्या मेंदूला इजा पोंचते, असें दिसून आलें.

पण केस कापला गेला कीं रोजनिशीचें पान गेलें. मग वीस वर्षांपूर्वींचें विष कसें मोजावें? याचें उत्तर जपानांतील मिनामाता गांवीं मिळालें. तेथील चिस्सो कंपनीचा कारखाना असेटाल्डिहाइड बनवितांना पारा वापरी व तें सांडपाणी समुद्रांत सोडी. मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या वस्तींत १९५६ सालीं रोग उघडकीस आला. एका रोग्याच्या केसांत दहा लक्ष भागांत ७०५ भाग पारा निघाला. त्याच सुमारास जन्मलेलीं कित्येक मुलें लुळीं होतीं. परंतु त्यांनीं मासा चाखलाही नव्हता, आणि वार गर्भाला विषापासून राखते अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. म्हणून त्यांचें दुखणें निराळें मानलें गेलें. तें पाऱ्याचेंच, हें १९६२ सालीं मान्य झालें.

जपानी लोकांत मुलाच्या नाळेचा तुकडा वाळवून लहानशा डबींत जतन करण्याची चाल आहे. आपल्याकडे नाळ पुरतात. तेथें ती ठेवितात. डॉ. मासाझुमी हाराडा यांनीं घरोघरच्या अशा नाळा मिळविल्या व त्या तपासण्यांत आल्या. १९७५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कारखान्यांतील उत्पादन जसजसें वाढलें, तसतसें त्या त्या सालच्या नाळेंत मिथिल-मर्क्युरी वाढलेलें होतें, आणि उत्पादन उतरल्यावर तेंही उतरलें होतें. कारखान्याचें तें पाणी १९६८ सालींच बंद झालें होतें. डब्या उघडल्या गेल्या तेव्हां त्यांतील पहिलीं मुलें विशीच्या घरांत पोंचलेलीं होतीं.