गाव ओस का पडते: इनामगावपासून माणदेशापर्यंत

इ.स.पूर्व 1000च्या सुमारास प्रवरा, गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यांतील बहुतेक शेतकरी वसाहती ओस पडल्या. प्रवरेकाठचे दायमाबाद हे त्यांतले सर्वांत मोठे गाव. ऐन भरात त्याचा विस्तार वीस हेक्टरांच्या आसपास होता. तेही उठले. भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठचे इनामगाव (तालुका शिरूर, जिल्हा पुणे) मात्र त्यानंतर आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची ही दोन्ही गावे. पीकपद्धती सारखी, भांडी सारखी, मृतांना पुरण्याच्या चालीरीतीही सारख्या. तरीही एक लवकर संपले आणि दुसरे उशिरा.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात इनामगावचे उत्खनन केले. पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामामुळे महाराष्ट्रातील एका आद्य शेतकरी गावाचे सुमारे नऊशे वर्षांचे आयुष्य थरांथरांतून वाचता आले. इ.स.पूर्व 1400 ते 1000 हा त्याचा भरभराटीचा काळ. ओळीने बांधलेली चौकोनी, कुडाच्या भिंतींची घरे, मधून गल्ल्या, गावाच्या मध्यभागी प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी खोल चर खणलेला होता आणि त्याला दगडमातीच्या बांधाचा आधार दिलेला होता. सातू हे मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, वाटाणा आणि हुलगा. एवढा चर खणायचा तर गावातील सगळ्यांचे हात लागतात आणि कामाचे वाटप करणारी एखादी व्यवस्थाही लागते. इनामगावकडे दोन्ही होते.

इ.स.पूर्व 1000 नंतरच्या थरांत चित्र पालटते. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. गव्हाचे प्रमाण घसरते, शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात, शेळ्यामेंढ्यांवरचा भार वाढतो. पाऊसमान घटल्यामुळे शेतकरी हळूहळू अर्धभटके पशुपालक झाले, असा निष्कर्ष ढवळीकरांनी काढला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला आणि या मांडणीला आव्हान दिले. त्यांच्या मते हा प्रदेश आधीपासूनच निमकोरडा होता. अचानक आलेल्या कोरडेपणापेक्षा न झेपणारी शेती हे अरिष्टाचे अधिक खरे कारण आहे. उत्तरकाळात जन्मही अधिक आणि बालमृत्यूही अधिक, आणि वाचलेल्या मुलांची वाढ खुंटलेली, असे ती हाडे सांगतात. वाद मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट मोलाची आहे: गाव एका फटक्यात मेले नाही. त्याने पीक बदलले, घर बदलले, जनावरे बदलली, आणि त्यामुळेच ते दायमाबादपेक्षा तीनशे वर्षे अधिक जगले. त्या जगण्याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती लहान मुलांनी. एखाद्या संस्कृतीने तग धरला असे म्हणताना तो कोणाच्या जिवावर धरला, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

सिंधू खोऱ्यातही इ.स.पूर्व 1900 नंतर नगरे उतरणीला लागली, पण माणसे नाहीशी झाली नाहीत; ती पूर्वेकडे आणि गुजरातेत लहान खेड्यांत पांगली. म्हणून ‘ऱ्हास’ म्हणजे नेमके काय संपते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते. कधी शहर संपते आणि शेती उरते. कधी शेती संपते आणि कळप उरतात.

हीच तपासणी जिवंत समाजावर करायची असेल तर सातारा जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचित मिळेल. पश्चिमेला महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तिथून उतरणाऱ्या वेण्णेच्या काठी मेढा, जावळी तालुक्याचे ठाणे. मेढ्यापासून पूर्वेला सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर माण तालुक्यातील दहिवडी. तिथे पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही बेभरवशाचा. पावसाचे आकडेच भवितव्य ठरवत असते तर जावळी समृद्ध आणि माण निर्मनुष्य असायला हवा होता.

प्रत्यक्षात जावळीच्या डोंगरउतारांवर माती पातळ आहे, पाणी वाहून जाते, आणि उन्हाळ्यात उंचावरच्या वाड्यावस्त्यांना टंचाई सोसावी लागते. खाचरांत भात आणि उतारावर नाचणी-वरी एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून या खोऱ्यांतील कर्त्या पुरुषांनी मुंबई गाठली. माथाडी कामगारांत जावळी-पाटणच्या माणसांचा भरणा मोठा आहे. मुंबईहून येणारी मनीऑर्डर हा या गावांचा दुसरा हंगाम होता, आणि तो पावसावर अवलंबून नव्हता.

माणदेशाने वेगळी वाट धरली. इथले धनगर दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे घेऊन पश्चिमेकडे, थेट कोकणापर्यंत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माळरानावर परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. जमिनीला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसा. कोरड्या मुलखातील माणूस ओल्या मुलखाशी असा जोडलेला राहतो. जे इनामगावकरांना नाइलाजाने पत्करावे लागले, त्याची माणदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालणारी रीत झाली. खिल्लार बैल आणि बाजरी, मटकी, हुलगा यांसारखी कमी पाण्याची पिके हेही याच शहाणपणाचे भाग आहेत.

तरीही मोठ्या दुष्काळांपुढे ही रीत अपुरी पडली. लोकस्मृतीत राहिलेला दुर्गादेवीचा दुष्काळ (1396 ते 1407), मग 1630-32चा, मग 1876-78चा: प्रत्येक वेळी गावेच्या गावे उठली. 1972चा दुष्काळ निसर्गाच्या बाजूने कमी कठोर नव्हता, पण पूर्वीसारखे मृत्यू झाले नाहीत. फरक पडला तो व्यवस्थेमुळे. मे 1973मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी होती, म्हणून बाहेरून आलेले धान्य विकत घेता आले. या कामांमागची रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे, म्हणजे दुष्काळ घरात पाहिलेले. रोजगार हमीचा कायदा 1977मध्ये झाला आणि 1979पासून लागू झाला. काम मागणे हा त्यामुळे हक्क झाला.

1980च्या दशकात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात येरळा नदीवर शेतकऱ्यांनी उभारलेले बळीराजा धरण याच्या पुढचे पाऊल आहे. नदीतील वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केले आणि पाणी सर्वांना समान मिळावे, भूमिहीनांनाही मिळावे, असा दंडक घालून घेतला. पाण्याचे वाटप आधी, पीक नंतर, हा क्रम त्यांनी धरला. इनामगावच्या चराचे पाणी कोणाला किती मिळे, हे उत्खननाला सांगता येत नाही. येरळाकाठी मात्र तो निर्णय लोकांनी उघड बैठकांतून घेतला.

टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांमुळे आता कृष्णेचे पाणी सांगली जिल्ह्याच्या कोरड्या तालुक्यांत चढवले जाते. ज्या रानात हुलगा-मटकी निघे तिथे डाळिंब आणि द्राक्ष उभे आहे, ऊसही शिरला आहे. घरांत पैसा आला, आणि तो यायलाच हवा होता. पण वीज, पंप आणि धरणातील साठा यांपैकी एक तुटले तरी सगळे अडते, आणि मागे फिरायला मटकीचे बियाणे व मेंढ्यांची चराऊ रानेही उरली नाहीत, तर हा प्रदेश पूर्वीपेक्षा अधिक नाजूक होईल. आटपाडी, जत आणि माणच्या ग्रामसभांनी आणि पाणीवापर संस्थांनी उसाखालचे क्षेत्र किती असावे आणि कुरणे किती राखावीत, हे पाणी मुबलक असलेल्या वर्षीच ठरवून घेतले पाहिजे.