सामाईक कपाटाची किल्ली



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला संगणकावरील सामाईक फोल्डरांविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा आमच्याच युनियनच्या कचेरीत हशा पिकला. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि चौकशीच्या खोल्यांत झाले. परंतु ज्या गोष्टीपायी आमच्या एका सभासद भगिनीची नोकरी जाता जाता राहिली, ती समजून घेणे आम्हाला भागच होते. तेव्हा जे शिकलो, तेच आज मांडतो.

प्रसंग एका कारखान्यातील वेतन विभागाचा. तेथे पाच माणसे काम करीत. हजेरीचे व ओव्हरटाइमचे तक्ते एका सामाईक फोल्डरमध्ये असत आणि पाचही जण तो एकाच नावाने, एकाच पासवर्डाने उघडीत. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलेला होता. एके सकाळी तीन महिन्यांचे ओव्हरटाइमचे तक्ते नाहीसे झाले. आरोपपत्र मिळाले ते विभागातील सर्वांत नव्या मुलीला. खात्यांतर्गत चौकशीत आम्ही तिच्या बाजूने उभे राहिलो आणि एकच प्रश्न विचारला : "नोंदीत जे नाव दिसते, ते कोणाचे?" उत्तर कोणालाच देता येईना. मुलगी सुटली, पण पुराव्याअभावी सुटली. तिने काही केले नव्हते हे सिद्ध करण्याचा मार्गही त्या एका नावाने बंद केला होता. संशय तिच्या मागे राहिला तो राहिलाच. आणि कामगारांना आपले ओव्हरटाइमचे तास पुन्हा सिद्ध करता करता नाकी नऊ आले.

आता ही यंत्रणा चालते कशी, ते पाहू. कचेरीतील एका मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, काही फोल्डर सामाईक म्हणून जाहीर केलेले असतात. बाकीचे संगणक नेटवर्कवरून त्यांना जोडले जातात. विंडोजच्या जगात हे संभाषण ज्या भाषेत चालते तिला एसएमबी म्हणतात. तिचा जन्म १९८०च्या दशकात आयबीएममध्ये झाला. जोडणीच्या चार पायऱ्या आहेत. पहिली, सर्व्हरच्या दारापर्यंत पोचणे. या दाराचा क्रमांक ४४५. दुसरी, आपले नाव सांगून ओळख पटवणे. तिसरी, अमुक एक सामाईक फोल्डर मागणे. चौथी, त्यातील फाइल उघडणे.

येथे कुलुपे दोन असतात. एक सामाईकपणाच्या परवानगीचे, दुसरे प्रत्यक्ष फोल्डर व फाइलींच्या परवानगीचे. दोहोंत जे अधिक कडक असेल ते चालते. पुष्कळ ठिकाणी बाहेरचे कुलूप "सर्वांना मोकळे" असे ठेवतात आणि आतले लावायला विसरतात. काही जण फोल्डरच्या नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह लावून निर्धास्त होतात. त्या चिन्हाने फोल्डर यादीत दिसत नाही इतकेच. दारावरची पाटी काढली म्हणून दाराला कुलूप लागत नाही.

ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना टूलरूम आठवेल. हत्यार हवे असेल तर स्वतःच्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा; हत्यार परत आले की बिल्ला परत. खिळ्यावर टांगलेला बिल्ला पाहून कोणते हत्यार कोणाकडे आहे ते कळे. जोडण्यांची व्यवस्था म्हणजे हेच बिल्ले नीट सांभाळणे.

पहिला नियम, प्रत्येकाला स्वतःचे नाव. मात्र परवानगी द्यावी ती व्यक्तीला नव्हे, कामाच्या गटाला : वेतन विभाग, भांडार, हिशेब. माणसाची बदली झाली की त्याला एका गटातून काढून दुसऱ्यात घालावे. पण एवढ्याने काम संपत नाही. सर्व्हरशी आधीच उघडलेली जोडणी त्या क्षणी तुटेलच असे नाही. जुन्या गटाचे अधिकार ती पुन्हा ओळख पटेपर्यंत बाळगू शकते. म्हणून माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी त्याचे खाते बंद करावे आणि त्याच्या उघड्या जोडण्याही सर्व्हरवरून तोडाव्यात.

दुसरी गोष्ट. एकाच संगणकावरून एकाच सर्व्हरशी, एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडणी करू लागल्यास विंडोज नकार देते. या चुकीचा क्रमांक १२१९ आहे. माणूस वैतागतो आणि सोय म्हणून मोठ्या अधिकाराचे नाव सगळीकडे वापरू लागतो. गळती लागते ती अशा सोयीतून.

तिसरी गोष्ट रखवालदाराची. फाइलींची तपासणी करणाऱ्या किंवा प्रती काढणाऱ्या सुरक्षाप्रणालीला स्वतःलाच सर्व फोल्डरांशी जोडले जावे लागते. म्हणजे सगळ्या किल्ल्यांचा जुडगा तिच्याच कमरेला! जी फक्त तपासते तिला केवळ वाचण्याची परवानगी द्यावी, तिचे खाते माणसांनी वापरू नये, आणि प्रतींपैकी एक तरी नेटवर्कपासून तोडून ठेवावी.

हे सारे शंकेखोरपणाचे वाटत असेल, तर २०१७ साल आठवावे. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाची कीड एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील दोषातून जगभर पसरली. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी ८० ट्रस्टांना त्याची झळ लागली. पुढे २७ जूनला नॉटपेट्या आली. ती युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरली. दुरुस्ती केलेले संगणकही तिच्यापासून वाचले नाहीत, कारण ती संगणकातून नावे व पासवर्ड चोरून, त्या अधिकाराने शेजारच्या संगणकांत जाई. मर्स्क या जहाजकंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्याच तडाख्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. युक्रेनमधील हिशेबाच्या चुकलेल्या गाडीचा धक्का उरणच्या कंटेनरला बसला तो असा.

यावर आमचेच सहकारी विचारतात, "कोणी कोणती फाइल उघडली याची नोंद म्हणजे कामगारावर पाळतच ना?" प्रश्न रास्त आहे. पाळतीला आमचा विरोध होता व आहे. परंतु बिल्ल्याचा खिळा आणि मुकादमाची नजर यांत फरक आहे. नोंद फाइलीची असावी, माणसाच्या प्रत्येक मिनिटाची नसावी. तिचा वापर कशासाठी होईल ते आधी ठरावे. आणि आरोप झाला तर ती नोंद कामगारालाही पाहावयास मिळावी. आणखी एक लक्षात ठेवा : विंडोजमध्ये फाइलवार नोंद आपोआप होत नाही, ती चालू करावी लागते. वही भरली की बहुधा जुनी पाने पुसली जातात. चौकशीच्या दिवशी ती शोधून उपयोग नाही.

दुसऱ्याला शहाणपण सांगण्यापूर्वी आम्ही आपली कचेरी पाहिली आणि शरमेने मान खाली गेली. सभासदांची नोंदवही सर्वांना मोकळी होती. तीत मालकाला न कळवता युनियनमध्ये आलेल्यांची नावे होती. ती बाहेर गेली असती तर कित्येकांच्या चुली विझल्या असत्या. निवृत्त झालेल्या दोघांची खातीही चालूच होती. ते सारे दुरुस्त करायला दोन संध्याकाळ पुरल्या. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा त्या नावांची जबाबदारी आम्हाला मोठी वाटली.

तेव्हा उद्या आपापल्या कचेरीत, पतपेढीत, शाळेत एवढे विचारा : आमच्या सामाईक फोल्डरला आज कोण कोण जोडलेले आहे? त्यांतले कोण येथे आता काम करीत नाही? आणि प्रत्येकाला स्वतःचे नाव आहे काय? ती मुलगी कामावर परतली तेव्हा नुकसानभरपाई मागणार असे आम्हाला वाटले होते. तिने लेखी मागणी केली ती स्वतःच्या वेगळ्या खात्याची. व्यवस्थापनाने ती मान्य केली आणि भिंतीवरची चिठ्ठी तिनेच काढून टाकली.