रखवालदाराला परवाना, शुश्रूषेला नाही : घरपोच वृद्धसेवेच्या दर्जाचा प्रश्न

लखनौ : गोमतीनगर, अलीगंज, इंदिरानगर अशा वसाहतींतील अनेक घरांत आज केवळ वयोवृद्ध दांपत्ये राहतात. मुले नोएडा, बंगळुरू, पुणे येथे किंवा परदेशात नोकरीला असतात. पक्षाघातानंतर किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी परतला की एखाद्या खासगी संस्थेकडून बारा अथवा चोवीस तासांच्या पाळीसाठी परिचारक मागवला जातो. पुण्यात किंवा नागपुरातही हेच चित्र आहे. तेथे अशा संस्थेला ‘ब्युरो’ म्हणतात, इतकेच. या सेवेचा दर्जा कोण ठरवतो आणि तो तपासतो कोण, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र कोठेच मिळत नाही.

एक तुलना येथे उद्बोधक ठरेल. सोसायटीच्या दारावर रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला ‘खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५’ अन्वये परवाना घ्यावा लागतो. रखवालदाराच्या चारित्र्याची पडताळणी आणि त्याचे प्रशिक्षण या बाबी कायद्यानेच आवश्यक केल्या आहेत. त्याच घराच्या आत, अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या उशाशी बसणारी व्यक्ती पाठवणाऱ्या संस्थेसाठी मात्र देशभर बंधनकारक असा स्वतंत्र कायदा नाही.

हा प्रश्न थोड्या कुटुंबांपुरता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. त्यांपैकी सुमारे १.५ कोटी, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, उत्तर प्रदेशात होते; त्याखालोखाल सुमारे १.१ कोटी महाराष्ट्रात.

कायद्यातील पोकळी कशी राहिली, हे समजून घेणे आवश्यक आहे. ‘माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ हा मुख्यतः मुलांकडून मिळणारा निर्वाहखर्च, वृद्धाश्रम आणि मालमत्तेचे रक्षण यांविषयी आहे. त्याखालील न्यायाधिकरण मुलांना निर्वाहखर्च देण्याचा आदेश देऊ शकते. शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थेच्या कामाची तपासणी करणे हा त्याचा विषय नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद होती. ते संसदीय स्थायी समितीकडे गेले, परंतु मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा उत्तर प्रदेशाने स्वीकारला आहे. महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. या दोन्हींची रचना प्रामुख्याने रुग्णालय व शुश्रूषागृह यांसारख्या वास्तू डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. रुग्णाची खोली हेच जेथे सेवेचे ठिकाण, तेथे त्यांचा हात सहसा पोहोचत नाही.

दर्जाचा पहिला निकष म्हणजे कोणते काम कोणी करावे याची स्पष्टता. प्रशिक्षित परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे असते आणि तिचा नोंदणी क्रमांक कुटुंबाला मागता येतो. साहाय्यक किंवा ‘अटेंडंट’ यांचे काम निराळे : आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे, चालताना आधार देणे. इंजेक्शन देणे, लघवीची नळी बदलणे, नाकातून अन्ननळी घालणे ही परिचारिकेची कामे आहेत. दोघांच्याही अंगावर पांढरा कोट असल्याने घरच्यांना हा भेद कळत नाही आणि अपघाताची सुरुवात बहुधा येथूनच होते.

दुसरा निकष दैनंदिन काळजीचा. स्वतः हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. अन्यथा पाठीवर, माकडहाडाजवळ किंवा टाचेवर शय्याव्रण होतात. भरवताना रुग्णाला उठवून बसवले नाही तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. औषधांची वेळ, मात्रा आणि ती देणाऱ्याचे नाव यांची लेखी नोंद नसेल, तर पाळी बदलताना गोळी चुकते किंवा दोनदा दिली जाते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना याहून अधिक जपावे लागते. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग आहे, यावरूनच या विषयाला विशेष ज्ञान लागते हे ध्यानात यावे. अशा रुग्णाला सोयीसाठी पलंगाला बांधणे किंवा डॉक्टरांना न विचारता झोपेचे औषध देणे ही शुश्रूषा नव्हे, अत्याचार आहे.

सुरक्षितता ही दोन्ही बाजूंची असते. शुश्रूषा करणाऱ्या बहुतांश स्त्रिया अनोळखी घरात एकट्या राबतात. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ अन्वये खासगी निवासस्थान हेही कामाचे ठिकाण ठरते. चोवीस तासांच्या पाळीत झोपेला सलग वेळ न मिळालेल्या व्यक्तीकडून रात्री रुग्णाला सावरण्यात चूक होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तिची विश्रांती, जेवण आणि साप्ताहिक सुटी या गोष्टी रुग्णाच्या सुरक्षिततेचाच भाग ठरतात.

कायदा होईपर्यंत कुटुंबाच्या हाती लेखी करार हेच प्रमुख साधन आहे. पाठवलेल्या व्यक्तीची ओळख, पोलीस पडताळणी व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. करावयाची आणि न करावयाची कामे. ती गैरहजर राहिल्यास पर्यायी व्यवस्था. संस्थेच्या परिचारिकेची ठरावीक काळाने पाहणी. आणि तक्रार ऐकणाऱ्या जबाबदार व्यक्तीचे नाव, इतके त्यात असावेच. मोबदल्याची पावती जपून ठेवावी. सेवेत त्रुटी आढळल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. वृद्धांच्या छळाबाबत किंवा मार्गदर्शनासाठी १४५६७ ही निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

तथापि करार करण्याची आणि तो पाळून घेण्याची ताकद प्रत्येक घरात नसते. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेले आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. महिनोन्महिने चालणारी घरची शुश्रूषा त्यात येत नाही. त्यामुळे कुटुंबे स्वस्तातली सेवा शोधतात आणि तपासणी नसल्याने स्वस्त व निकृष्ट यांतील फरक त्यांना वेळीच कळत नाही. संस्थांची नोंदणी, किमान प्रशिक्षण आणि अधूनमधून तपासणी ही व्यपगत विधेयकाची दिशा योग्य होती. ते काम नव्या कायद्याने किंवा राज्यांच्या नियमांनी पुढे नेणे आता अगत्याचे आहे.