धडक देऊन ट्रक पसार, शेजारी लिफ्ट घेतलेला अनोळखी तरुण. कायद्याने दोषी कोण?

समजा, जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरून एक ट्रक निघाला. चालक पन्नाशीचा. शेजारी अंबडला जाण्यासाठी लिफ्ट घेतलेला कॉलेजचा मुलगा. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नाही. अंधारात दुचाकीला धडक बसते. चालक थांबत नाही, मुलगा गप्प राहतो. आता दोघांच्या मनावर एकच ओझं आहे. पण कायदा दोघांना एकाच तराजूत तोलतो का?

चालकाची जबाबदारी काय?
मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार जखमीला उपचार मिळावेत यासाठी धडपडणं हे चालकाचं कर्तव्य आहे. जमाव खवळल्यामुळे ते शक्य नसेल, तर सूट मिळते. मात्र अशा वेळी जवळच्या पोलिस ठाण्यात 24 तासांच्या आत कळवावंच लागतं.

पळून गेल्यास 10 वर्षे शिक्षा?
निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) नुसार 5 वर्षांपर्यंत शिक्षा होते. न कळवता पळणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद 106(2) मध्ये आहे. याविरोधात जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली, तेव्हा हे उपकलम वगळण्यात आलं.

मग मुलाचं काय?
केवळ शेजारी बसला म्हणून अपघाताचा गुन्हा त्याच्यावर येत नाही. पण चालकाला वाचवण्यासाठी रक्ताचे डाग पुसले किंवा पोलिसांना खोटी माहिती दिली, तर पुरावा नष्ट करण्याचं कलम 238 लागू शकतं. चालकाला लपवून ठेवलं, तर कलम 249.

जखमीला काय मिळतं?
वाहन सापडलं नाही तरी हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये भरपाई आहे. मे 2025 पासून रस्ते अपघातातील जखमींना 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचारही मिळतात.

पैसे नंतर मिळतील, पहिला तास मात्र परत येत नाही. मदत करणाऱ्याला कलम 134-अ चं संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्तीही नाही. त्या मुलाच्या खिशात मोबाईल होता. 108 किंवा 112, एवढंच दाबायचं होतं.