पाटी आडवी की उभी?

लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘किती इंची दाखवू?’ आपणही चौदा किंवा पंधरा असं सांगून मोकळे होतो. पण हे इंच मोजतात कुठून? पडद्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे तिरके. आमच्या उमरग्याकडं शेत घेताना कुणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरून भाव ठरवत नाही. लांबी बघतात, रुंदी बघतात, मग बोलणी होतात. पडद्याच्या बाबतीत मात्र आपण सगळे तिरकी दोरी धरूनच सौदा करतो.

जरा हिशेब करून पाहू. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आठवा. पडदा चौकोनी वळणाचा, रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. असा १५ इंची पडदा १२ इंच रुंद आणि ९ इंच उंच भरायचा, म्हणजे १०८ चौरस इंच. आजच्या १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा बहुधा सोळास नऊ या प्रमाणाचा असतो. तो भरतो १३.६ इंच रुंद आणि ७.६ इंच उंच, म्हणजे १०४ चौरस इंचांच्या आसपास. आकडा वाढला आणि जमीन घटली! त्यातही घट झाली ती उंचीत, आणि वाचणाऱ्याला लागते ती उंचीच.

हे आडवेपण आलं कुठून? चारास तीन हे प्रमाण एडिसनच्या प्रयोगशाळेतलं. तिथं डिक्सननं १८९० च्या दशकात फिल्मच्या चौकटीचा आकार ठरवला आणि पुढं टीव्हीनंही तोच उचलला. टीव्ही घरोघरी पोचला, तेव्हा प्रेक्षक थिएटरात ओढायला १९५३ पासून हॉलिवूडनं सिनेमास्कोप आणला. आपल्याकडं गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये त्या रुंद पडद्यावर आला. १९८० च्या दशकात टीव्ही नव्यानं घडवताना जुना चौकोन आणि सिनेमाचा रुंद पट्टा या दोन्हींना सांभाळून घेणारा मधला आकार शोधला गेला. तोच सोळास नऊ. पुढं काचेचे कारखाने टीव्हीसाठी हाच आकार कापू लागले आणि लॅपटॉपवाल्यांनाही तोच स्वस्त पडला. २०१० च्या सुमारास लॅपटॉप सर्रास असा झाला. म्हणजे सिनेमा बघायच्या पडद्यावर आपण निबंध लिहितो, अर्ज भरतो आणि सातबारा वाचतो.

इथं देवनागरीचं एक वेगळं दुखणं आहे. इंग्रजी अक्षर आपल्या ओळीत निमूट बसतं. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि पायाशी उकार, ऋकार. दोन ओळींत मोकळी जागा सोडली नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर आदळतो. त्यामुळे तेवढ्याच उंचीत इंग्रजीपेक्षा मराठीच्या ओळी कमी बसतात. पडद्याची उंची कापली की त्याची झळ मराठी वाचणाऱ्याला जास्त लागते. हा विचार करून पडदा बनवणारा कारखाना माझ्या तरी ऐकिवात नाही.

‘पण आपल्या पोथ्याही आडव्याच होत्या की,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. ताडाचं पान लांबट आणि अरुंद, म्हणून पोथी आडवी झाली. पुढं कागद आला, १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना निघाला, तरी पोथ्या आडव्याच छापल्या जात राहिल्या. सवय मोठी चिवट असते. मात्र पोथीच्या पानावर मोजक्याच, लांब ओळी असतात आणि पान वर उलटलं की पुढचं समोर येतं. आपली शाळेची वही, सरकारी कागद आणि ए-फोर हे सगळे उभे. शेतकऱ्याला १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, आणि बारा म्हणजे तीत पीक काय. हे दोन्ही नजरेखाली एकत्र ठेवून ताडायचे असतात. आडव्या पडद्यावर सात दिसतो तेव्हा बारा खाली गेलेला असतो. अक्षर बारीक करावं तर चष्मा पुरत नाही.

निर्मात्यांच्याही हे लक्षात आलं. २०१३ मध्ये गूगलच्या क्रोमबुक पिक्सेलनं आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो-३ नं तीनास दोन हा उंच पडदा आणला. अ‍ॅपल तर आधीपासूनच सोळास दहाला धरून होतं. २०२० नंतर इतर कंपन्याही त्या वाटेनं निघाल्या. १३.५ इंची तीनास दोन पडद्याचं क्षेत्रफळ १४ इंची सोळास नऊपेक्षा किंचित जास्तच भरतं. दुकानात मात्र तो ‘लहान’ म्हणून बाजूला पडतो.

आता दोन पडद्यांच्या यंत्रांकडं येऊ. कल्पना आपल्या ओळखीचीच आहे. रेहलच्या दोन फळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. मिटली की सपाट, उघडली की ग्रंथ ठेवायला जागा. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ‘सरफेस ड्युओ’ जाहीर केला तो असाच. ५.६ इंचांचे दोन पडदे, मध्ये बिजागरी. तो २०२० मध्ये अमेरिकेत १,३९९ डॉलरला विक्रीला आला. त्याच्यासोबत जाहीर झालेला मोठा भाऊ ‘निओ’ बाजारात आलाच नाही. ड्युओची दुसरी आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि तिच्यावर ती मालिका थांबली.

भारतात हा अनुभव घेतला तो एलजीच्या जी-८एक्स फोननं. त्याला पुस्तकासारखं कव्हर होतं आणि त्या कव्हरात दुसरा पडदा. २०१९ च्या अखेरीस जवळपास पन्नास हजार रुपयांना आलेला हा फोन २०२० च्या दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये १९,९९० ला निघाला आणि लोक तुटून पडले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, एलजीनं मोबाइलचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सॅमसंगनं २०१९ मध्ये दुसरी वाट धरली, एकच पडदा मधून दुमडायचा. तिथं बिजागरीची फट नाही, पण घडीची खूण राहते.

दोन पडद्यांचा खरा फायदा लिहिणाऱ्याला. फोनवर मराठी लिहायला लागलं की कळफलकच निम्मा पडदा खातो. फोन आडवा धरला तर लिहिलेली जेमतेम एखाद-दुसरी ओळ दिसते. दोन पडदे असले की खाली कळफलक आणि वर लेखन. किंवा डावीकडं शब्दकोश, उजवीकडं आपली ओळ. शेराच्या दोन ओळी अरुंद फोनवर चार होतात आणि यमक भलत्याच जागी जाऊन बसतं, हे दुःख कुणाला सांगावं! मला आणखी एक गंमत वाटते. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चालला, त्यामुळे आमच्या भागातल्या कित्येक घरांत दोन्ही बाजूंनी उघडणारे कागद एकाच पेटीत सापडतात. रेहलला त्याचं सोयरसुतक नसतं. यंत्राला मात्र पहिलं पान कुठल्या पडद्यावर घ्यायचं, हे कुणीतरी शिकवावं लागतं.

२०२३ मध्ये लेनोव्होचं योगा बुक ९आय आलं. १३.३ इंचांचे दोन पडदे. पुस्तकासारखं उभं उघडलं की प्रत्येक पडदा सव्वाअकरा इंच उंच आणि सात इंच रुंद, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा थोडाच लहान. सात इकडं, बारा तिकडं, असं खुशाल वाचावं. पण दोन पडद्यांची किंमत, दोघांना पोसणारी बॅटरी आणि एखादा फुटला तर दुरुस्तीला शहराची वाट, हे सगळं त्यात आलं.

सोयाबीनच्या पैशांतून मुलीला लातूर-पुण्याला शिकायला धाडताना जो एकच लॅपटॉप घ्यायचा असतो, त्यासाठी मी दोन पडद्यांची शिफारस करणार नाही. सोळास दहा किंवा तीनास दोन मिळाला तर तो घ्यावा. दुकानात जाताना खिशात टेप ठेवावी आणि पडद्याची उंची मोजावी. साडेसात इंचांच्या जवळपास भरली तर उत्तम. दुसरा पडदा हवाच असेल, तर बंद पडलेल्या सायबर कॅफेतले जुने १७ इंची चौकोनी मॉनिटर अजून कुठं कुठं धूळ खात पडलेत. त्यांची उंची साडेदहा इंच भरते. बघताना तो चालू करून घ्यावा आणि मागची पिन आपल्या लॅपटॉपला चालते का, की मध्ये जोडणी लागते, तेवढं विचारून घ्यावं.