साडेपस्तीस तासांचं एक छायाचित्र

२८ ऑगस्ट १९९३ रोजी ‘नासा’चं गॅलिलिओ यान ‘इडा’ या लघुग्रहापासून सुमारे २,४०० किलोमीटर अंतरावरून गेलं. जाता जाता त्याने इडाचे फोटो काढले. त्यांत इडाच्या बाजूला एक बारीक ठिपका होता, पण तो माणसाच्या नजरेला पडला १७ फेब्रुवारी १९९४ला, जवळजवळ सहा महिन्यांनी. मधल्या काळात तो ठिपका कुठे होता आणि तो पुसला कसा गेला नाही, हे कळायचं तर कॅमेऱ्याच्या आत डोकवायला हवं.

गॅलिलिओ ऑक्टोबर १९८९मध्ये गुरूकडे निघालं. त्याच्या कॅमेऱ्याची १,५०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आधीच्या व्हॉयेजर यानांच्या घडणीतली होती. बदललं होतं ते दुर्बिणीमागचं. व्हॉयेजरमध्ये काचेची नळी होती. तिच्या पडद्यावर उमटलेलं चित्र इलेक्ट्रॉनांचा झोत वाचून काढी. त्यात चित्र थोडं वेडंवाकडं होई, म्हणून ते सरळ करण्यासाठी पडद्यावरच खुणेचे काळे ठिपके कोरलेले असत. गॅलिलिओमध्ये नळीच्या जागी सिलिकॉनची चिप आली, तिचं नाव सीसीडी. बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९मध्ये तिची कल्पना मांडली होती. त्यासाठी २००९मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या चिपवर ८०० ओळी आणि प्रत्येक ओळीत ८०० घरं, म्हणजे एकूण ६,४०,००० घरं. घरावर प्रकाश पडला की सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्याच घरात साठतात. प्रकाश जास्त तर साठा जास्त. उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात आणि खोटा उजेड दाखवतात, म्हणून चिप उणे ११० अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेली होती. गुरूजवळच्या किरणोत्सारापासून वाचवायला तिच्याभोवती टँटलम धातूचं कवचही होतं.

आता हे साठे मोजायचे. प्रत्येक घराला वेगळी तार जोडणं शक्य नाही. इथे स्लॅबचा दिवस आठवा. मजुरांची साखळी उभी असते आणि मालाचं घमेलं या हातातून त्या हातात सरकत वर पोचतं. सीसीडीत विजेच्या दाबाने प्रत्येक ओळीतला साठा शेजारच्या ओळीत सरकवला जातो. कडेला पोचलेली ओळ मग आडवी, एकेका घराने पुढे सरकते. शेवटी मोजणारा एकच. तो प्रत्येक साठा मोजून त्याला ० ते २५५मधला एक आकडा देतो. आकडा कितव्या क्रमाने आला, यावरून तो कुठल्या घरातला हे कळतं. घरं जागची हलत नसल्याने खुणेच्या ठिपक्यांचीही गरज उरली नाही.

चिपला रंग कळत नाही, कळतो फक्त उजेड. म्हणून तिच्यासमोर आठ फिल्टरांचं चाक होतं. एकच दृश्य वेगवेगळ्या फिल्टरांतून टिपायचं आणि पृथ्वीवर ती चित्रं एकमेकांवर बसवायची, की रंगीत फोटो तयार.

एका आकड्याला ८ बिट धरले, तर एका चित्राचे ५१,२०,००० बिट होतात. यानाचा मोठा अँटेना सेकंदाला १,३४,४०० बिट पाठवणार होता, म्हणजे एका चित्राला जेमतेम ३८ सेकंद. पण छत्रीसारखा मिटलेला हा ४.८ मीटरचा अँटेना एप्रिल १९९१मध्ये उघडायला गेले, तेव्हा त्याच्या काही काड्या अडकून बसल्या. तो कधीच पुरता उघडला नाही. उरला छोटा अँटेना. इडाच्या वेळी त्याचा वेग सेकंदाला फार तर ४० बिट. त्या वेगाने एक चित्र उतरायला साडेपस्तीस तास!

इथे आकड्यांनी तारलं. चित्रं यानातल्या टेपवर नोंदलेली होती. पुरं चित्र मागवण्याआधी शास्त्रज्ञ मधल्या बऱ्याच ओळी वगळून मोजक्याच ओळी मागवत. खिडकीच्या गजांसारख्या त्या पट्ट्यांत उजेड कुठे आहे ते दिसे. मग काळं आकाश सोडून तेवढाच भाग मागवायचा. ज्या चित्राची प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे मागता येते, त्याच्याच बाबतीत अशी काटकसर जमते.

अशीच उशिरा आलेली चित्रं तपासताना मोहिमेतल्या ॲन हार्च यांना तो ठिपका दिसला. तो इडाचा चंद्र होता, जेमतेम दीड किलोमीटरचा. लघुग्रहालाही चंद्र असतो, याचा तो पहिला पक्का पुरावा. पुढे त्याला ‘डॅक्टिल’ हे नाव मिळालं.

सहा महिने हा चंद्र टेपवर मोजक्या आकड्यांच्या रूपात पडून होता. पण मोजून लिहिलेला आकडा उशीर झाला म्हणून फिका पडत नाही. म्हणूनच ऑगस्टमध्ये जे टिपलं, तेच फेब्रुवारीत जसंच्या तसं हाती आलं.